ओएई ‘पास’ आली म्हणजे बाळाला ऐकू येतं असं नाही : ओटोफर्लिन या प्रथिनाविषयी

अनुराधा_क

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशी, गॉल्गी संकुल, पुटिका हे सगळं फळ्यावर काढण्यात उमेदीची वर्षं गेली. तरी ‘ओटोफर्लिन’ हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते माझ्या भाचीच्या मुलाच्या जनुकीय अहवालात.

बाळ पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं, कावीळ नाही, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ओएई ही कानाची प्राथमिक तपासणी झाली आणि फाइलवर शिक्का बसला : दोन्ही कान पास. पुढे बाळ आवाजाकडे वळेना. घरात कुकरच्या शिट्टीला मांजर दचकून पळायचं आणि हा आपला खुळखुळा चोखत बसलेला. भाची म्हणायला लागली की काहीतरी चुकतंय, तर सगळ्यांचं एकच उत्तर : ‘अगं, कान पास आहेत की! मुलगे उशिरा बोलतात.’ शेवटी बेरा केली, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू दाद देतात का ते बघणारी तपासणी. दोन्ही कानांत सरळ रेष. मग जनुक तपासलं तर ओटीओएफ जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष निघाला. या जनुकावरून ओटोफर्लिन तयार होतं.

आता हे प्रथिन करतं काय? आपल्या कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, दोन प्रकारच्या केसपेशी असतात. बाहेरच्या साधारण १२,००० आणि आतल्या साधारण ३,५००. बाहेरच्या पेशी आवाजाची कंपनं वाढवतात. मेंदूकडे निरोप पाठवायचं काम मुख्यतः आतल्या पेशींचं. आतल्या पेशीच्या तळाशी ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन भरलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, तयार असतात. आवाज आला की पेशीत कॅल्शियम शिरतं, पुटिका पेशीपटलाला जोडली जाऊन फुटते, ग्लुटामेट बाहेर पडतं आणि श्रवणाची नस जागी होते. कॅल्शियम आलं हे ओळखून पुटिकेला मोकळं करण्यात ओटोफर्लिनचा मोठा वाटा. ते नसेल तर कानाचा पडदा ठीक, हाडं ठीक, केसपेशी ठीक, नससुद्धा ठीक, आणि बाळ बहिरं.

ओएई तपासते बाहेरच्या केसपेशी. त्या या बाळांत छान काम करत असतात, म्हणून यंत्र ‘पास’ म्हणतं. यंत्राने खोटं सांगितलं नाही. त्याचा अर्थ ‘बाळाला ऐकू येतं’ असा लावला गेला, तिथे आमचे महिने गेले.

माझं म्हणणं एवढंच : नवजात बाळाची नुसती ओएई करून थांबू नये, बेराही व्हावी. इथे डॉक्टर, ऑडिओलॉजिस्ट, पालक सगळेच आहेत. तुमचे अनुभव लिहा.

चिंगी_पुणे

वाचनखूण साठवली. मला सातवा महिना चालू आहे, त्यामुळे पोटात गोळाच आला. दवाखान्यात नेमकं काय मागायचं हे कुणीतरी सोप्या शब्दांत लिहा ना.

श्रवणी_ऑडि

अनुराधाताई, अगदी बरोबर लिहिलंत. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, थोडी भर घालते.

ओएईत बाळाच्या कानात छोटी बोंडी बसवतो. तिच्यातून टकटक असा आवाज जातो आणि बाहेरच्या केसपेशी त्याला जो बारीक प्रतिध्वनी देतात तो त्याच बोंडीतला माइक टिपतो. बाळ शांत असेल तर दोन-तीन मिनिटांचं काम. नस आणि मेंदू या तपासणीत येतच नाहीत.

बेरात कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतो, बाळ झोपलेलं लागतं. आवाज दिल्यावर नसेपासून मेंदूच्या देठापर्यंत विजेच्या लहरी जातात, त्यांच्यातली पाचवी लहर किती आवाजापर्यंत टिकते ते बघायचं.

ओएई आहे आणि बेरा सपाट, असं दिसलं की आम्ही ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतो. पण यातही एक मेख आहे. ओटोफर्लिनच्या मुलांमध्ये वय वाढेल तशी ओएई कमी होत जाऊन नाहीशी होऊ शकते. म्हणजे मूल तीन-चार वर्षांचं होऊन आलं तर ओएई नाही, बेरा नाही, आणि अहवालात लिहिलं जातं ‘अतितीव्र बहिरेपणा’. कारण कळतच नाही.

तेव्हा कॉक्लिअर मायक्रोफोनिक बघायचा. बेराच्या आलेखात अगदी सुरुवातीला, पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत एक वळवळ दिसते. दिलेल्या क्लिकची दिशा उलटी केली की ती वळवळही उलटी होते. केसपेशी जिवंत असल्याचा तो पुरावा. यंत्र ‘आलटून पालटून’ दिशेवर ठेवलं तर दोन्ही वळवळी एकमेकींना खोडतात आणि कागदावर नुसती सरळ रेष उरते. म्हणून दोन्ही दिशांचे आलेख वेगवेगळे काढायला हवेत. मी आलेल्या प्रत्येक सपाट बेराला हे करतेच.

गजाभाऊ_वऱ्हाडी

आमच्या घरी तक्रार आहे की माझी ओएई पास, बेरा पास, मायक्रोफोनिकसुद्धा हजर, तरी भाजी आण म्हटलेलं ऐकू येत नाही. यावर कोणतं प्रथिन कमी असतं म्हणे?

बाकी धागा फार कामाचा आहे. अनुराधाताई, भाचीच्या लेकराला खूप आशीर्वाद.

डॉ_सह्याद्री

गजाभाऊ, त्यावर उपचार नाही. वहिनींना सांगा.

मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. अनुराधाताईंची कळकळ पटते, पण ‘प्रत्येक बाळाची बेरा’ हे मला पटत नाही. ओएईचं यंत्र हातात मावतं, प्रशिक्षण दिलं की नर्सही ती करते. बेराला ऑडिओलॉजिस्ट हवा, शांत खोली हवी, मूल थोडं मोठं असेल तर झोपेचं औषध द्यावं लागतं. आमच्याकडे बाळंतीण घरी जायला निघालेली असते, रिक्षा दारात उभी असते. अजून कित्येक ठिकाणी ओएईसुद्धा होत नाही. आधी ती तरी सगळीकडे होऊ दे. ज्यांना धोका आहे त्यांची बेरा करू : कमी दिवसांची बाळं, कावीळ वाढलेली, अतिदक्षता विभागात राहिलेली, घराण्यात बहिरेपणा असलेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा आहेच. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्राकडे आम्ही मुलं पाठवतो.

आणि प्रत्येक ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणजे ओटोफर्लिन नव्हे. कावीळ डोक्यात चढली किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडला तरी हेच चित्र दिसतं. माझ्या ओपीडीत ती मुलं जास्त येतात.

अनुराधा_क

डॉक्टरसाहेब, अडचणी मान्य. पण धोक्याच्या यादीवर विसंबलं तर नेमकं आमचंच बाळ सुटतं. ना कमी दिवसांचं, ना कावीळ, दोन्ही घरांत कुणी बहिरं नाही. दोष अप्रभावी असल्यामुळे आई आणि बाबा दोघं वाहक, दोघांनाही उत्तम ऐकू येतं. पहिलं मूल होईपर्यंत कुणाला कळायचा मार्गच नाही.

आणि आता स्वयंचलित बेराची यंत्रं निघाली आहेत ना? नवजात बाळ दूध पिऊन झोपलं की औषधाशिवाय होते, निकाल ‘पास’ किंवा ‘पुढे पाठवा’ असाच येतो.

श्रवणी_ऑडि

आहेत. ओएईच्या यंत्रापेक्षा महाग, आणि इलेक्ट्रोडचा खर्च दर बाळामागे. अतिदक्षता विभागात पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या बाळांची तपासणी बेरानेच करावी असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्येच सांगितलं आहे. बाकी निरोगी बाळांना कुठलीही एक चालते असा रिवाज आहे. ओटोफर्लिनची बाळं याच फटीतून निसटतात. खासगी प्रसूतिगृहांना परवडण्यासारखं आहे हे, असं माझं स्पष्ट मत. सरकारी ठिकाणी डॉक्टर म्हणतात ते वास्तव आहे.

मृद्गंध

पण असं कितीशा मुलांत असतं? एका दुर्मिळ जनुकासाठी सगळी व्यवस्था बदलायची?

ग्योटिंगेनकर

मृद्गंध, जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटीओएफचा वाटा वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत साधारण १ ते ८ टक्के सापडतो. स्पेनमध्ये याच जनुकातला एक ठरावीक बदल बराच आढळतो. भारतात जीजेबी२ हे जनुक जास्त भेटतं, पण त्या मुलांची ओएई सहसा नापास होते, म्हणून ती सापडतात. ओटीओएफवाली सापडत नाहीत, हाच तर धाग्याचा मुद्दा आहे.

मी पेशीजीवशास्त्रात संशोधन करतो. माझं काम कानावर नाही, पण ज्या गावात राहतो तिथे ओटोफर्लिनवर बरंच काम झालंय, त्यामुळे व्याख्यानं कानावर पडतात. थोडा इतिहास लिहितो.

१९९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या ख्रिस्तीन पेती यांच्या गटाने हे जनुक शोधलं. लेबनॉनमधल्या काही कुटुंबांत आनुवंशिक बहिरेपणा होता, त्यांच्या अभ्यासातून. जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे आणि प्रथिन चांगलंच लांबलचक, १,९९७ अमिनो आम्लांचं. त्याची शेपटी पुटिकेच्या पटलात रुतलेली असते आणि बाकीच्या अंगावर सी२ नावाचे भाग ओळीने असतात. त्यांतले बरेचसे कॅल्शियम पकडतात.

२००६ मध्ये उंदरांतून हे जनुक काढून बघितलं. पुटिका होत्या, जागच्या जागी पटलाला लागून होत्या, कॅल्शियमही आत येत होतं. पण ग्लुटामेट बाहेर पडणं जवळजवळ बंद. पंगत बसली आहे, वाढपी भांडी घेऊन ओळीने उभे आहेत, पण ‘वाढा’ म्हणणारंच कुणी नाही.

मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींत हे काम सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन करतं. मग कानाने वेगळं प्रथिन का घ्यावं? आतल्या केसपेशीला आवाज चालू आहे तोवर सेकंदाला शेकडो पुटिका सोडत राहायच्या असतात, तेही न थकता. ओटोफर्लिन नसलेल्या केसपेशींत सिनॅप्टोटॅग्मिन घालून पाहिलं, तर ते काम भागवू शकलं नाही. उंदरांतला असा एक बदलही सापडला ज्यात पहिल्या फेरीच्या पुटिका सुटतात पण मागून नव्या वेळेवर येत नाहीत. म्हणजे ओटोफर्लिन ‘वाढा’ तर म्हणतंच, शिवाय स्वयंपाकघरातून पुढची भांडी येताहेत ना हेही बघतं.

पुटिकांच्या वाहतुकीच्या मूळ यंत्रणेसाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं हे बहुतेकांना माहीत असेल. ओटोफर्लिन त्या यंत्रणेचं कानातलं खास रूप म्हणता येईल.

सायली_डोंबिवली

वा, काय सुंदर समजावलंत! एक शंका. बोटॉक्सपण पुटिका फुटू देत नाही असं वाचलंय. मग बोटॉक्स घेणाऱ्या बायकांना बहिरेपणा यायला हवा ना?

ग्योटिंगेनकर

नाही यायचा. बोटॉक्स स्नॅप-२५ हे प्रथिन कापतं, आणि टोचतात त्या स्नायूच्या आसपासच काम करतं, कॉक्लिआपर्यंत जात नाही. पण प्रश्न भारी विचारलात, कारण यावर खरंच वाद झालेला आहे. २०११ मध्ये केसपेशींत बोट्युलिनम आणि धनुर्वाताची विषं सोडून पाहिली, तर पुटिका फुटणं थांबलं नाही. तेव्हा वाटलं की कान स्नॅप-२५ सारख्या, पुटिका पटलाला जोडणाऱ्या स्नेअर प्रथिनांशिवाय चालतो. पुढे उंदरांच्या केसपेशींतून स्नॅप-२५ काढल्यावर ते बहिरे झाले. त्यामुळे ते लागतच नाही असं आता म्हणता येत नाही.

बंडूकाका_सांगली

मी बहात्तरीचा. ऐकण्याचं मशीन लावतो तरी लग्नकार्यात चार माणसं एकदम बोलली की काही उमगत नाही. हे ओटोफर्लिन बाहेरून देता येईल का मला?

श्रवणी_ऑडि

काका, नमस्कार. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा केसपेशी आणि त्यांना जोडलेले नसेचे धागेच कमी झालेले असतात. माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे हे प्रथिन देऊन उपयोग नाही. गर्दीत न उमगणं ही खूप जणांची अडचण आहे. तुमचं मशीन शेवटचं कधी जुळवून घेतलंत? ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन गर्दीसाठीची वेगळी जुळवणी करून मागा, आणि कार्यात भिंतीकडे पाठ करून बसा म्हणजे मागचा गोंगाट कमी होईल.

बंडूकाका_सांगली

मशीन घेतल्यापासून जुळवलेलंच नाही. जातो या आठवड्यात. आभारी आहे पोरी.

ओवीची_आई

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या लेकीचं निदानही ओटीओएफ. आज ती पहिलीत आहे, कॉक्लिअर इम्प्लांट आहे आणि बडबड इतकी की बाई घरी चिठ्ठी पाठवतात.

ती लहान असताना जे ऐकून घेतलं ते कुणाला ऐकावं लागू नये. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का, डोहाळे पुरवले नाहीत का, तुझ्या माहेरी कुणी मुकं होतं का. सगळे प्रश्न मलाच. जनुकीय सल्लागार बाईंनी आम्हा दोघांना आणि सासूबाईंना एकत्र बसवलं. कागदावर दोन रेघा माझ्या, दोन ह्यांच्या, प्रत्येकी एक रेघ लाल. ‘लाल रेघ दोघांकडून आली तरच असं होतं,’ म्हणाल्या. ‘आई जबाबदार असेल तर बाबाही तेवढेच, आणि खरं तर दोघंही नाहीत. प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते.’ सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. त्या दिवसापासून ग्रहणाचं नाव घरात निघालं नाही. उलट शेजारणीला त्याच रेघा काढून समजावतात.

अनुराधाताई, भाचीला सांगा, साधी श्रवणयंत्रं लावून वाट बघण्यात फार काळ घालवू नका. आम्ही लावली, आवाज मोठा होऊन काय उपयोग, पुढे निरोपच जात नाही. इम्प्लांट मात्र थेट नसेला वीज देतो आणि ती नस शाबूत असते. म्हणून या मुलांना इम्प्लांट चांगला लागू पडतो.

डॉ_सह्याद्री

ओवीच्या आई, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. रक्ताच्या नात्यात एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोष देण्यासाठी नव्हे, पण एक मूल असं झालं असेल तर पुढच्या वेळी जनुकीय सल्ला घ्यावा. अनुराधाताई, तुमच्या भाचीचं नात्यातलं लग्न आहे का? सांगायचं नसेल तर राहू द्या.

अनुराधा_क

नाही डॉक्टर, नात्यातलं नाही. दोघांचे बदलसुद्धा वेगवेगळे आहेत, एकाच जनुकात दोन निराळ्या जागी. म्हणजे नात्याबाहेर लग्न केलं म्हणून निश्चिंत व्हावं असंही नाही.

केतकी_नाशिक

माझ्या मुलाचं जरा निराळंच आहे. एरवी ऐकतो, बोलतो, थोडं अस्पष्ट. पण ताप चढला की हाक मारलेली कळतच नाही, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो. ताप उतरला की पूर्ववत. घरचे म्हणतात ग्लानी असेल. याचा कानाशी संबंध असू शकतो का?

श्रवणी_ऑडि

केतकी, असू शकतो, आणि हे अंगावर काढू नका. ओटोफर्लिनमधले काही बदल तापमानाला नाजूक असतात. अंगाचं तापमान वाढलं की ते अर्धवट चालणारं प्रथिन आणखी ढेपाळतं आणि ऐकणं घसरतं. अशा कुटुंबांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. अडचण अशी की ताप नसताना तपासणी केली तर ऐकण्याची पातळी जवळजवळ ठीक येते आणि सगळे म्हणतात काही नाही. मुलाची ओएई आणि बेरा दोन्ही करा, गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी करा, आणि तुम्ही इथे लिहिलंत ते तापाचं निरीक्षण जसंच्या तसं ऑडिओलॉजिस्टला सांगा. ताप आला की तो लगेच उतरवायचा, उन्हात खेळताना जपायचं. निदान इथे होणार नाही, पण हे लक्षण सांगायलाच हवं असं आहे.

केतकी_नाशिक

हे कुणीच विचारलं नव्हतं. सोमवारी अपॉइंटमेंट घेते.

परदेशी_पाटील

जनुकोपचाराबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? चीनमध्ये बहिरी मुलं एका इंजेक्शनने ऐकायला लागली, व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. मग इम्प्लांटची घाई कशाला? थोडं थांबलं तर मूळ कानच दुरुस्त होईल.

ग्योटिंगेनकर

पाटील, बातमी खरी, पण ‘थोडं थांबू’ इथे मी हात जोडून नको म्हणेन.

आधी काय झालं ते. जनुक पेशीत पोचवायला एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्यात साधारण ४,७०० अक्षरं मावतात. ओटोफर्लिनचा मजकूर जवळपास ६,००० अक्षरांचा. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंत घालतात आणि दोन्ही एकाच पेशीत शिरले की पेशी ते जोडून पूर्ण प्रथिन बनवते. २०१९ मध्ये उंदरांत हे जमलं. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या मुलाला हा उपचार दिला. जानेवारी २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अहवालात ६ मुलांपैकी ५ जणांचं ऐकणं सुधारलं, सरासरी ४० ते ५७ डेसिबलनी. एकाला उपयोग झाला नाही. त्याच वर्षी ५ मुलांच्या दोन्ही कानांत उपचार केल्याचा अहवाल आला. २०२५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या सहभागाने १ ते २४ वर्षं वयाच्या १० रुग्णांचे निकाल आले : ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाची सरासरी पातळी १०६ डेसिबलवरून ५२ वर आली. अमेरिकेत आणि युरोपातही चाचण्या झाल्या.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हे केवढं मोठं आहे, काय सांगू! पण ५२ डेसिबल म्हणजे सहज ऐकू येणं नव्हे. दहा-वीस वर्षांनी प्रथिन टिकेल का, हे काळच सांगेल. एकदा हा विषाणू दिला की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे पुन्हा तोच देणं अवघड. आणि मेंदूतली भाषेची वाढ थांबत नाही. पहिली दोन-तीन वर्षं आवाजाशिवाय आणि भाषेशिवाय गेली तर नंतर कान दुरुस्त होऊनही बोलणं उमगायला फार झगडावं लागतं.

परदेशी_पाटील

पण इम्प्लांटची तार कॉक्लिआत घातली की आतल्या पेशींना इजा होऊ शकते ना? मग पुढे जनुकोपचार आला तरी तो कान गेला.

ग्योटिंगेनकर

शक्यता आहे. म्हणून काही पालक एका कानात इम्प्लांट करून दुसरा राखून ठेवतात. त्यातही तडजोड आहेच, दोन्ही कानांनी ऐकण्याचा फायदा जातो. हा निर्णय त्या मुलाचे डॉक्टर आणि आईवडील यांनीच करायचा. पण दोन्ही कान रिकामे ठेवून वाट बघणं, याला माझा ठाम विरोध.

ओवीची_आई

+१००. मुलगी ‘आई’ म्हणायची थांबली असती त्या उपचारासाठी?

निनाद_ठाणे

माझी मोठी बहीण जन्मतः कर्णबधिर. इम्प्लांटचा काळ नव्हता. ती आज नोकरी करते, दोन मुलं वाढवली, घरात आम्ही सगळे खुणांच्या भाषेत बोलतो. या धाग्यावर सगळे ‘दुरुस्ती’बद्दल बोलताहेत म्हणून जरा टोचलं. इम्प्लांट करा, जरूर करा. पण बेरा सपाट आली त्या दिवसापासून बाळाशी खुणांनी बोलायला लागा. निदान, पैसे, शस्त्रक्रिया, स्पीच थेरपी यात महिने जातात. त्या महिन्यांत बाळाला भाषा कुठली? भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ पासून आहे, त्यांचा चित्रफितींचा शब्दकोश फुकट बघता येतो. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

मृद्गंध

पण खुणा शिकवल्या की मूल बोलायचा कंटाळा करतं असं आम्हाला थेरपिस्टने सांगितलं होतं.

श्रवणी_ऑडि

हे जुनं मत आहे आणि आमच्या व्यवसायात अजून पसरलेलं आहे. मी निनाद यांच्या बाजूची. ज्याला एक भाषा आली त्याला दुसरी शिकणं सोपं जातं. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी पहिल्याच भेटीत दूध, आई, पाणी, दुखतंय, अजून, संपलं एवढ्या खुणा शिकवून पाठवते.

अनुराधा_क

निनाद, बरं झालं लिहिलंत. भाचीला कालच शब्दकोशाची लिंक पाठवली. ‘पाणी’ची खूण बाळाने आज उचलली म्हणे, आणि आता दिवसभर पाणीच मागतोय. इम्प्लांटसाठी एमआरआय झालाय, नस दोन्हीकडे व्यवस्थित दिसते आहे. अपंगांना साहाय्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज करायचा विचार आहे. कुणी केला असेल तर कागदपत्रांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डॉक्टरसाहेब, तुमच्या मुद्द्यावर विचार केला. सगळीकडे लगेच बेरा होणार नाही, हे कळतं. पण फाइलीवरचा शब्द तर बदलता येईल? ‘श्रवण सामान्य’ ऐवजी ‘ओएई पास, नस तपासलेली नाही, बाळ आवाजाला दाद देत नसेल तर बेरा करावी’. याला यंत्र लागत नाही, शाई लागते.

डॉ_सह्याद्री

याला माझं पूर्ण अनुमोदन. शिक्का बनवून घेतो, मराठीत. लसीकरणाच्या कार्डावरही मारता येईल. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना बाळं लसीला येतातच, तेव्हा नर्सने आईला विचारायचं, आवाजाला दचकतं का, तुमचा आवाज ओळखतं का. आईला शंका असेल तर ओएई काहीही असो, बेराला पाठवायचं.

चिंगी_पुणे

माझा प्रश्न राहिलाच! दवाखान्यात काय मागू?

श्रवणी_ऑडि

चिंगी, काळजी करत बसू नकोस, बहुतेक बाळांचे कान ठणठणीत असतात. आधी प्रसूतिगृहात विचारून ठेव की स्वयंचलित बेरा आहे का. असेल तर घरी जायच्या आधी तीच करून घे. नसेल तर ओएई करून घे आणि जमल्यास पहिल्या महिन्यातच जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे बेरा. त्या वयात बाळ दूध पिऊन गाढ झोपतं, औषध द्यायची वेळ सहसा येत नाही. येताना बाळाला गाडीत झोपू देऊ नकोस आणि दूध आमच्याकडे आल्यावरच पाज. डोक्याला तेल लावून आणू नकोस, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. तपासणीत काही आलंच तर तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, एवढं वेळापत्रक धर. आणि बेरा सपाट आली तर दोन्ही दिशांचे आलेख वेगळे काढले का, हे नक्की विचार.

चिंगी_पुणे

लिहून घेतलं. तेलाचं आईला आत्ताच सांगते, तिने घाण्यावरून खोबरेल आणून ठेवलंय.